केसांवरचा तमगा

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात इझबासारला कारातुबेकच्या किनाऱ्यावर ती वस्तू सापडली. मुठीत मावेल एवढी, काळी, वर उंदराच्या शेपटीसारखी एक लवचिक तार. वाळूत अर्धी रुतली होती. त्याने ती उचलली, बाहीला पुसली, तिच्यावरचा आकडा वाचला आणि तिथेच ओल्या वाळूवर खाली बसला.

आकडा ओळखीचा होता. गेल्या ऑक्टोबरात ही वस्तू एका सील मादीच्या मानेमागे चिकटवताना त्याने पाहिली होती. नुसती पाहिली नव्हती, त्या मादीचे पुढचे दोन्ही पंजे त्यानेच धरून ठेवले होते. उजव्या पंज्याचे एक नख अर्धे तुटलेले होते, तेही त्याच्या लक्षात होते. आता वस्तू हातात होती आणि जनावराचा पत्ता नव्हता.

इझबासार तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होता. कोसकुदुक गावात त्याचे घर. एकतीस वर्षे त्याने पाण्याचा टँकर चालवला. माळावरच्या मेंढपाळांना आणि उंटवाल्यांना पाणी पोचवता पोचवता त्या टापूतल्या प्रत्येक घराण्याचा तमगा त्याला पाठ झाला. तमगा म्हणजे जनावराच्या मांडीवर तापल्या लोखंडाने दिलेली मालकाची खूण. कोणाचा बाण, कोणाचे वर्तुळ, कोणाच्या दोन रेघा. उंट महिनोन्महिने मोकळे फिरतात, पण तमगा असल्यामुळे हरवत नाहीत. दुसऱ्याच्या खुणेचे जनावर आपल्या विहिरीवर आले तर त्याला पाणी पाजायचे आणि मालकाला निरोप धाडायचा. आपल्या राखणीत ते मेले तर तमग्याचा भाग शाबूत ठेवून कातडे काढायचे आणि ते मालकासमोर नेऊन ठेवायचे. कातडे दाखवले की प्रश्न मिटला. कातडे नसेल तर माणसाच्या शब्दाला कोणी विचारत नाही.

हे इझबासार कोणाकडून ऐकून शिकला नव्हता. तो नऊ वर्षांचा असताना त्याच्या वडिलांच्या, बिसेनच्या, राखणीतली सामुदायिक शेतीसंस्थेची एक सांडणी खाऱ्या दलदलीत रुतून गडप झाली. बिसेन तीन दिवस दलदलीच्या काठाने फिरला. कातडे मिळाले नाही. गावची सभा भरली, तिथे कोणी त्याला चोर म्हटले नाही, पण "कातडं कुठाय?" हा प्रश्न तीन जणांनी तीन वेळा विचारला. पुढच्या महिन्यात उंट त्याच्याकडून काढून घेतले गेले आणि तो सीलच्या शिकारीच्या बोटीवर लागला. हिवाळ्यात उत्तरेच्या बर्फावर जाऊन पांढऱ्या पिल्लांच्या डोक्यात सोटा घालायचे काम. सहा हिवाळे त्याने ते केले. घरी येताना सीलच्या कातड्याचे बूट आणि उंटांच्या खरजेवर लावायला चरबी आणायचा, पण बर्फावरच्या गोष्टी कधी सांगायचा नाही. बोटीचे कोणी भेटायला आले तर तो उठून विहिरीकडे जायचा.

म्हणूनच कमशात नावाची तरुण संशोधक जेव्हा अक्ताउ शहरातल्या संशोधन संस्थेतून आली आणि सीलची राखण करायला माणूस पाहिजे म्हणाली, तेव्हा इझबासार पटकन हो म्हणाला. त्याची बायको झलिखा हिला नवल वाटले. "पेन्शनीत उंट पुरेनात म्हणून आता समुद्र राखणार," असे ती शेजारणीला सांगत सुटली.

काम तसे साधे होते. कारातुबेकसमोरचा वाळूचा दांडा पूर्वी बेट होते. समुद्र वर्षावर्षाने मागे हटत गेला आणि आता मध्ये उंटाच्या गुडघ्याएवढे पाणी राहिले. वसंतात आणि शरदात सील तिथे येऊन पडतात. त्यांच्याजवळ कुत्री, मोटारसायकली, सहलीची माणसे आणि मोकळे उंट जाऊ द्यायचे नाहीत. आपण स्वतः तीनशे पावलांच्या आत जायचे नाही. दुर्बिणीतून डोकी मोजायची आणि वहीत लिहायची. वहीत शेरा लिहायलाही एक रकाना होता.

ऑक्टोबरात त्या मादीला यंत्र चिकटवून सोडल्यावर कमशात निघताना म्हणाली होती, "आगा, ही आता तुमच्या भरवशावर."

तिच्या दृष्टीने ते निरोपाचे बोलणे होते. आगा म्हणजे वडीलधारा. वडीलधाऱ्या माणसाला जाताना काहीतरी गोड बोलावे, एवढेच. इझबासारने मात्र ते जसेच्या तसे धरले. तिच्या खुणेचे जनावर आपल्या किनाऱ्यावर, म्हणजे अमानत, राखायला दिलेली ठेव. त्याने त्या मादीला मनातल्या मनात "पाहुणी" असे नाव दिले. हिवाळ्यात गावाजवळच्या टेकडीवर चढले की फोनला सिग्नल मिळतो. तिथून तो दर आठवड्याला कमशातला विचारायचा, "पाहुणी कुठवर गेली?" ती आकाशातल्या उपग्रहाकडून आलेली खबर सांगायची. पाहुणी उत्तरेला पोचली, बर्फावर चढली, बहुतेक पिल्लू झाले. बर्फ यंदा पातळ आहे, लवकर फुटतोय. पाहुणी परत निघाली. टेकडीवरून उतरताना इझबासार भेटेल त्याला ही बातमी द्यायचा. एप्रिलच्या अकरा तारखेला दांड्यावर ती त्याला स्वतःच दिसली, मानेमागे काळा ठिपका घेऊन. त्या दिवशी त्याने घरी सणाला करतात ते बाउरसाक, कणकेचे फुगीर गोळे, तळायला लावले.

आणि आता मे महिना, आणि हातात नुसता तमगा.

आधी त्याने टेकडीवर जाऊन फोन करायचे ठरवले. अर्ध्या चढावर थांबला. काय सांगणार? तुझे जनावर गेले? मग ती विचारणार, कातडे कुठाय. तो परत खाली उतरला. फोन बंद करून गाडीच्या कप्प्यात टाकला. यंत्र धुवट रुमालात गुंडाळून छातीच्या खिशात ठेवले. अमानतीतला उरलेला तुकडा घरी फळीवर टाकून फिरणे त्याला बरे वाटेना.

पुढचे आठ दिवस तो आपल्या जुन्या उआझ गाडीतून किनारा पालथा घालत राहिला. त्या वसंतात मेलेले सील बरेच आले होते. का आले ते कोणी नीट सांगत नव्हते. कोणी म्हणे साथ, कोणी म्हणे चोरट्यांची स्टर्जन माशाची जाळी, कोणी म्हणे तेलवाल्यांचे काहीतरी. इझबासार प्रत्येक मढ्याशी थांबायचा, काठीने मान वळवून बघायचा, मग उजवा पंजा बघायचा. तुटके नख कुठेच नव्हते. प्रत्येक वेळी त्याला हायसे वाटायचे आणि लगेच उलटे वाटायचे, कारण हायसे वाटून कातडे मिळत नव्हते. मेली असेल तर सापडायला हवी. सापडत नाही तर मेलेली नाही. मेलेली नाही तर तमगा सुटला कसा? हाच विचार एखाद्या घाण्याच्या बैलासारखा त्याच्या डोक्यात फिरत राहिला.

मधल्या वेळात घरची कामे थांबत नव्हती. उंटांची लोकर गळायचे दिवस होते. गळ्याखालचे आणि मदारीवरचे लोकरीचे पुंजके हातानेच उचकटून पोत्यात भरायचे. तो यंत्र खिशात ठेवूनच ते करत होता. शुक्रवारी मशिदीत गेला, एका लांबच्या चुलतभावाच्या बरसीच्या जेवणाला तीस किलोमीटर आत माळावर जाऊन आला, तेव्हाही यंत्र खिशात होते.

"घरधनी," झलिखा एका सकाळी चहा ओतताना म्हणाली, "आठ दिवस तुमच्या अंगाला कुजक्या माशाचा वास येतोय. उंटीण दूध काढताना तोंड फिरवते. झालंय काय ते एकदा सांगाल का?"

"पाहुणी मेली."

"कुठली पाहुणी?"

"कमशातची सील. माझ्याकडे ठेवली होती."

"समुद्रातलं जनावर तुमच्याकडे ठेवलं होतं? कुठं, आपल्या गोठ्यात?"

"थट्टा नको करूस. तमगा सापडलाय, कातडं नाही."

झलिखाने किटली खाली ठेवली. सासऱ्याची गोष्ट तिला माहीत होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मेंदीबायकडे जा. आणि आधी अंघोळ करा. तो चौऱ्याऐंशीचा आहे, नाक अजून शाबूत आहे त्याचं."

मेंदीबाय गावातला सर्वांत वयस्क माणूस. उभा जन्म मासेमारीत घालवलेला. उन्हात बाकावर बसून दात कोरत होता. इझबासारने रुमाल सोडून वस्तू त्याच्या पुढ्यात ठेवली आणि सगळे सांगितले.

"कातडं?" मेंदीबायने विचारले.

"नाही."

"मग मेली कशावरून?"

"तमगा सुटलाय."

"तमगा सुटत नसतो."

"तेच तर."

मेंदीबायने काडी दातांत धरून ती वस्तू निरखली.

"कोणी मारून, कातडं नेऊन, हे फेकलं असेल."

"मग धड कुठाय? चोर धड उचलून नेईल?"

"ते खरं." मेंदीबायने वस्तू उलटी केली. तळाला डिंकासारखे काहीतरी कडक झाले होते आणि त्यात राखाडी केस अडकले होते. "सील सापासारखी कात टाकतो का रे?"

"मला विचारता? तुम्ही साठ वर्षं समुद्रात होता."

"मी जाळी ओढली. सील जाळ्यात आला की त्याला शिव्या दिल्या. कपडे बदलताना कधी पाहिला नाही." त्याने वस्तू परत दिली. "तुझ्या बापाला ठाऊक असतं."

"तो काही बोलायचा नाही."

"हो. नाही बोलायचा." मेंदीबायने दात कोरायची काडी फेकून दिली. "आता मेली असं धरून चाल. मुलीला सांगायला हवं. फोनवर सांगणार होतास?"

"म्हणून तर तुमच्याकडे आलो."

"बरं केलंस. उद्या नको, परवा गुरुवारी जाऊ अक्ताउला. मी बोलतो. तू नुसता बाजूला बस आणि मान खाली घाल."

त्या मुलखात मृत्यूची बातमी तोंडावर कोणी सांगत नाही. घरातले सर्वांत वडील माणूस दोघाचौघांना घेऊन जाते, चहा होतो, मग आडवळणाने, उडून गेलेल्या पाखराच्या किंवा आटलेल्या झऱ्याच्या गोष्टीतून ते हळूहळू उलगडले जाते. ऐकणाऱ्याला स्वतःहून समजायला अवसर मिळावा, अशी त्यातली रीत. मेंदीबाय त्यात तरबेज होता. सीलसाठी हे करावे की नाही याचा विचार दोघांपैकी एकानेही केला नाही. एका माणसाने दुसऱ्याच्या भरवशावर ठेवलेला जीव गेला होता, आणि सांगायचे माणसालाच होते.

पण गुरुवार उजाडायच्या आधीच, बुधवारी दुपारी, कमशात स्वतः दारात उभी राहिली. बरोबर वन्यजीव खात्याचा कुआत नावाचा निरीक्षक. तिचा चेहरा उतरलेला होता, त्याचा कोरा होता. तिने गेल्या आठ दिवसांत इझबासारला पन्नासेक फोन केले होते. संगणकावर तिला पाहुणी दिसत होती आणि जे दिसत होते त्यावर तिचा विश्वास बसत नव्हता.

इझबासारने त्यांना बघितले. त्याला वाटले, हिला कुठूनतरी कळले आणि ही निरीक्षकाला घेऊनच कातडे मागायला आली. त्याने शेजारच्या बाईला इशारा करून मेंदीबायला बोलावणे धाडले. झलिखाने चादर अंथरली, उंटिणीच्या आंबवलेल्या दुधाचे शुबात ओतले, बाउरसाक मांडले. कुआतने वही काढली. झलिखाने ती वही शांतपणे त्याच्या हातून घेऊन खिडकीत ठेवली. "आधी चहा," ती म्हणाली.

मेंदीबाय आला तो नवा कोट घालून आणि डोक्यावर टोपी नीट बसवून. तो कमशातच्या अगदी समोर बसला. इझबासार बाजूला बसला आणि सांगितल्याप्रमाणे मान खाली घातली.

"पोरी," मेंदीबायने सुरुवात केली, "घरी सगळे बरे आहेत ना?"

"बरे आहेत. मी विचारायला आले होते की..."

"बस. घाई नको. माळावर पूर्वी एक झरा होता. मोठ्या मोठ्या लोकांनी त्याचं पाणी प्यायलं. झऱ्याला वाटलं, आपण असेच वाहत राहू..."

कमशात बोलता बोलता थांबली. ती शहरात वाढलेली असली तरी आजीच्या मांडीवर वाढलेली होती. हा सूर तिने दोनदा ऐकला होता, आणि दोन्ही वेळा घरातले माणूस गेले होते. तिने आळीपाळीने सगळ्यांकडे बघितले. चौऱ्याऐंशी वर्षांचा म्हातारा नवा कोट घालून समोर बसला आहे, इझबासारची मान खाली आहे, झलिखा डोक्यावरच्या रुमालाने डोळे टिपते आहे. झलिखाच्या डोळ्यांत खरे तर चुलीचा धूर गेला होता.

"...आणि झरा म्हणाला, मी जातो, पण ज्यांनी..."

"कोण गेलं?" कमशातने मध्येच विचारले. "माझे वडील?"

मेंदीबाय गोंधळला. या टप्प्यावर ऐकणाऱ्याने असा प्रश्न विचारायचा नसतो. "तुझे वडील आजारी आहेत का?" त्याने उलट विचारले.

"दमा आहे त्यांना. तुम्हाला कोणी फोन केला? मग मला का नाही केला? माझा फोन..." ती खिसे चाचपू लागली.

कुआतला काहीच समजत नव्हते. त्याला वाटले, ही कबुलीची तयारी आहे. "म्हणजे मारली हे तुम्ही मान्य करता?" तो इझबासारला म्हणाला.

"वडिलांना?" कमशात ओरडलीच.

"सील," इझबासार एवढेच म्हणाला. मान अजून खालीच. "सील गेली, पोरी. वडील नाही. तुझी सील. मला माफ कर."

कमशातने दोन्ही हातांनी तोंड झाकले. तिचे खांदे हलत होते. ती रडते की हसते हे कोणालाच ओळखता येईना, आणि नंतर विचारले तेव्हा तिलाही सांगता आले नाही.

"मी अजून निम्म्यातच होतो," मेंदीबाय झलिखाला हळूच म्हणाला.

आता कुआतने आपली वही खिडकीतून परत घेतली. "ठीक. मग हे कसं काय ते सांगा. तीन तारखेला तुमची सील समुद्रातून निघून या गावात आली. चार तारखेला कारातुबेकच्या किनाऱ्याने बावीस किलोमीटर हिंडली. शुक्रवारी दुपारी मशिदीत दीड तास. शनिवारी माळावर तीस किलोमीटर आत गेली आणि तिथं साडेचार तास थांबली."

"बरसीचं जेवण होतं," झलिखा म्हणाली. "मटण बेताचंच होतं."

"नंतर तीन दिवस सकाळी किनारा आणि दुपारी उंटांच्या गोठ्यात. हे यंत्र खोटं बोलत नाही. जनावर कोणी गाडीत घालून फिरवलंय. कशासाठी? कातडं विकायला?"

"कातडंच तर नाही," इझबासार म्हणाला. त्याने छातीच्या खिशातून रुमाल काढला, तो सोडला आणि वस्तू चादरीवर कमशातसमोर ठेवली. जी गोष्ट त्याला आठ दिवस सांगता येत नव्हती ती त्याने आता सरळ सांगितली. "मी किनारा पूर्ण शोधला. मढी उलटून पाहिली. मिळालं नाही. माझ्या बापालाही मिळालं नव्हतं. तुला वाटेल ते तू समज."

कमशातने वस्तू उचलली, उलटी केली, डिंकात अडकलेले केस दोन बोटांत धरून उजेडात नेले. बराच वेळ बघत होती.

"आगा, ही मेली असं तुम्हाला का वाटलं?"

"तमगा निघालाय. जिवंत जनावराचा तमगा निघतो का?"

"हा कातडीवर नसतो. केसांवर चिकटवतात."

"केसांवर?" इझबासारने पहिल्यांदा मान वर केली. "केसांवर तमगा कोण मारतं?"

"कातडीला इजा करायची नाही म्हणून. वसंतात सीलचे सगळे जुने केस झडतात, नवे येतात. त्याबरोबर हा आपोआप पडतो. पडायचाच होता. माझं चुकलं, मला वाटलं तुम्हाला हे ठाऊक असेल."

"कशावरून?" कुआत म्हणाला. "मारून, केस भादरून पण ठेवता येतील."

कमशातने इझबासारकडे राखणीची वही मागितली. एप्रिलची पाने उलटली, आणि शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवून वही कुआतपुढे सरकवली. इझबासारच्या घोटीव अक्षरात लिहिले होते: "जनावरे कळाहीन दिसतात. अंग वाळूला घासतात. बहुधा खरूज. पाहुणीही घासते आहे. चरबी लावता आली असती तर बरे." पुढे तीन दिवस तोच शेरा, वर "कालच्याप्रमाणेच" असा शब्द. शेवटच्या नोंदीपुढे: "वाऱ्याने केसांचे पुंजके किनाऱ्यापर्यंत उडत येतात."

कुआतने ते दोनदा वाचले. मग खोलीच्या कोपऱ्यात उंटांच्या गळलेल्या लोकरीने भरलेली चार पोती होती त्यांच्याकडे बघितले, आणि काही न लिहिता वही मिटली.

"बघ," मेंदीबाय म्हणाला, "कात टाकतो का, असं मी विचारलं होतं."

"साप म्हणालात तुम्ही."

"जवळपास होतो."

झलिखाने पुन्हा चहा ओतला. कुआतने चार बाउरसाक खाल्ले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला होता, एका इझबासारचा सोडून. तो त्या काळ्या वस्तूकडे बघत होता.

"म्हणजे ती जिवंत आहे," तो म्हणाला.

"असेल."

"असेल म्हणजे?"

"यंत्र पडल्यावर ती कुठं आहे हे मलाही कळत नाही, आगा. उन्हाळ्यात त्या दक्षिणेला पांगतात. जाळी आहेत, साथ आहे. असेल, असंच म्हणता येतं."

"कातडं नाही, तमगा नाही, जनावर नाही. मग मी तुला परत काय करू?"

जाताना तिने पिशवीतून एक फोटो काढून त्याला दिला. ऑक्टोबरात घेतलेला, पाहुणीची उजवी बाजू. प्रत्येक सीलच्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात आणि केस झडले तरी नवे केस तेच ठिपके घेऊन येतात, असे ती म्हणाली. पंज्याच्या वर तीन ठिपके ओळीत आणि मागे एक तुटके वर्तुळ. इझबासारने फोटो रुमालात गुंडाळला आणि यंत्राच्या जागी खिशात ठेवला.

उन्हाळाभर तो फोटो बघत राहिला. उंट तो कोसभरावरून चालीवरून ओळखायचा, पण ठिपक्यांवर त्याचा हात बसेना. कधी तीन ठिपके त्याला चार दिसत, कधी वर्तुळ वर्तुळच वाटत नसे. वडील बर्फावर गेले तेव्हा त्यांना प्रत्येक जनावर वेगळे दिसले असेल का, असा विचार एकदा त्याच्या मनात आला. त्याने तो पुढे नेला नाही.

ऑक्टोबरात सील परत आले. पहिल्या दिवशी चौदा, मग साठ, मग शंभरावर. समुद्र आणखी हटला होता, दांड्यापुढचे पाणी आता उंटाच्या घोट्याला लागत होते. एकोणीस तारखेला दुर्बिणीत एक मादी आली. अंग भरलेले, डोके आणि मागचे पंजे दोन्ही वर उचलून होडीसारखी पडलेली. ती डाव्या बाजूने दिसत होती. फोटो उजव्या बाजूचा होता. इझबासार वाळूवर पालथा पडून दुर्बीण लावून राहिला. दोन तास झाले, ती कूस बदलेना. उजवा पंजा वाळूत दाबलेला. तुटके नख असले तर तिथेच असणार.

तीनशे पावले. दोनशेपर्यंत जवळ गेलो तरी दिसेल. तो उठला. वाकून, हळू, उंटाला चकवून पकडताना चालतात तसा चालू लागला. चाळीसएक पावले गेला असेल. दांड्यावरची एकेक करून सगळी डोकी वर झाली. शंभरावर जनावरांचे काळे डोळे त्याच्याकडे लागले. काठावरचे दोन पाण्यात घसरले. ती मादी मात्र अजून पडून होती, मान उंच करून.

तो जागच्या जागी थांबला. आणखी वीस पावले, आणि सगळा दांडा रिकामा होणार. मग मोटारसायकलवाल्यांना हाकलायला कोणत्या तोंडाने जायचे? वारा होता, कानात घोंघावत होता. मग त्याला दिसले की त्याचीच तांबडी उंटीण दुसऱ्या टोकाने पाण्यात शिरून दांड्याकडे निघाली आहे. त्याने सीलकडे पाठ केली, लांबून वळसा घालून उंटिणीपर्यंत गेला, तिच्या नाकातली दोरी धरून तिला माघारी ओढली. परत दुर्बीण लावली तेव्हा डोकी खाली झाली होती. मादी तिथेच होती की शेजारची, हे त्याला सांगता येईना.

संध्याकाळी तो टेकडीवर चढला.

"आगा, आज किती?" कमशातने विचारले.

"एकशे सव्वीस. दोन माझ्यामुळे पाण्यात गेले, ते वेगळे लिही."

"पाहुणी दिसली?"

"एक होती. डावी बाजू."

"मग?"

"असेल."

"'असेल' असं नोंदीत लिहिता येत नाही, आगा."

"तूच म्हणालीस," इझबासार म्हणाला. "उद्या परत जातो. डाव्या बाजूचा फोटो असला तर धाडून दे."